दोरीच्या दुसऱ्या टोकाला

अंध धावपटूची गाइड, म्हणजे दोरीचं दुसरं टोक धरून तिच्यासोबत पळणारी, व्हायचं असेल तर आधी स्वतःचा दम बघा. तिच्या वेगाने पळताना सलग बोलता आलं पाहिजे. धाप लागली की आपण गप्प होतो, आणि तिला तर रस्ता आपल्या बोलण्यातूनच कळत असतो.

दोरी साधीच लागते. जाड सुती नाडी, दोन्ही टोकांना सैल फास. इलॅस्टिक नको. फास बोटांत धरायचा, मनगटाला आवळायचा नाही. तिचा डावा हात आणि माझा उजवा एकदमच पुढे येतात, एकदमच मागे जातात. हे आधी जागच्या जागी, मग चालत, मग हळूहळू पळत बसवा. पाऊल आपण तिच्या पावलाशी जुळवायचं. ओढायचं तर कधीच नाही. स्पर्धेत गाइडने ओढलं तर धावपटू बाद होऊ शकते.

खरी मेहनत बोलण्याची. आम्ही सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत पळतो. कुठे झाडाची मुळं वर आलेली, कुठे चौघीजणी रस्ता अडवून गप्पा मारत चाललेल्या. अशा वेळी "सांभाळ!" ओरडू नका. त्याने ती दचकते, पण काय करायचं ते तिला कळत नाही. "तीन पावलांवर खड्डा, डावीकडे" असं सांगा, आणि खड्डा यायच्या आधी सांगा. पायऱ्या असतील तर चढायच्या की उतरायच्या तेही सांगा. खुणेचे शब्द आधी ठरवून घ्या. माझ्याबरोबर पळणारी मुलगी घरी मराठी बोलते, पण शाळा गुजराती माध्यमाची. पळताना तिला "डाबे" (डावीकडे), "जमणे" (उजवीकडे) चटकन उमगतं, म्हणून आम्ही तेच ठेवलंय. रस्ता मोकळा असेल तर तेही बोला: "सरळ आहे, सोड पाय." मग ती जो वेग घेते ना, तो बघण्यासारखा असतो!

स्पर्धेचे नियमही माहीत हवेत. दृष्टी किती आहे त्यावरून गट पडतात. टी-११ गटात (जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या) ट्रॅकवर गाइड असतोच, टी-१२ मध्ये (थोडं दिसणाऱ्या) घ्यायचा की नाही हे धावपटू ठरवते, टी-१३ मध्ये (त्याहून जास्त दिसणाऱ्या) नसतो. सिमरन शर्माने २०२४ मध्ये पॅरिसला टी-१२ च्या २०० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा अभय सिंग तिचा गाइड होता. त्याच पॅरालिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्ट तिसरी येऊनही बाद ठरली. शेवटच्या काही मीटरवर गाइडला पेटके आले, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली. मला तो निकाल अजून पटत नाही, पण नियम तो नियम.

शेवटच्या रेषेआधी अंतर मोजत सांगा: "पन्नास... वीस... दहा." आणि स्वतः किंचित मागे राहा, रेषा तिनेच आधी ओलांडायची असते. ती पूर्ण थांबेपर्यंत दोरी धरून ठेवा. मग दंड धरून तिला नेऊ नका, आपलं कोपर पुढे करा, ती धरेल. पाण्याची बाटली हातात द्या, आणि झाकण उघडलेलं असेल तर तसं सांगून द्या.