कालच्या कामाबद्दल इंग्रजीत बोलायचा सराव

काल काय काय केलं, हे सहकाऱ्याला इंग्रजीत सांगताना काम आठवतं, पण क्रियापद अडतं. सरावासाठी विषय शोधत बसू नका. काल पाठवलेले ईमेल उघडा.

त्यातली तीन कामं निवडा आणि प्रत्येकाचं फक्त भूतकाळी क्रियापद कागदावर लिहा: सेंट, मेट, चेक्ड. पूर्ण वाक्य लिहिलंत तर ते नुसतं वाचन होईल. मग वेळ जोडून मोठ्याने बोला: ‘आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे मॉर्निंग.’ सहकाऱ्याने लगेच एक प्रश्न विचारायचा: ‘हू डिड यू सेंड इट टू?’ तीन वाक्यं झाली की अदलाबदल.

गडबड होते ती प्रश्नात आणि नकारात. ‘डिड’ किंवा ‘डिडन्ट’ आलं की पुढे मूळ रूपच, म्हणजे ‘सेंड’. होकारी उत्तरात पुन्हा ‘सेंट’. ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव सेंट’ चालत नाही, पण ‘काल पाठवलं आहे’च्या सवयीने ते हमखास तोंडात येतं. ‘चेक्ड’चा उच्चार ‘चेक्ट’, ‘चेकेड’ नव्हे.

सहकाऱ्याने वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करू नये. चूक टिपून ठेवावी, पाळी संपल्यावर सांगावी.