शस्त्रक्रिया विभागात सेवा-रोबो आणताना

शस्त्रक्रिया ऐन भरात असताना एखादे उपकरण खाली पडते किंवा वेगळ्या मापाचे इम्प्लांट लागते आणि फिरती परिचारिका ते आणण्यासाठी थिएटरबाहेर धावते. तेवढा वेळ रुग्णाजवळचे एक जाणते माणूस कमी होते, दार दोनदा उघडते आणि बाहेरच्या मार्गिकेपेक्षा मुद्दाम जास्त राखलेला आतील हवेचा दाब ढळतो. सामानाची ने-आण करणारा फिरता रोबो घ्यायचा तो या फेऱ्या कमी करण्यासाठी. हा हेतू एकदा मनाशी पक्का झाला, की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी दोन आठवडे साधी वही ठेवावी. थिएटरमधून कोण बाहेर गेले, कशासाठी गेले आणि किती वेळाने परतले, एवढ्याच नोंदी कराव्यात. त्यांतून फेऱ्यांचे प्रकार आपोआप वेगळे होतात: उद्याच्या शस्त्रक्रियांसाठी आधीच ठरलेले उपकरणांचे संच, वापरलेल्या उपकरणांची निर्जंतुकीकरण विभागाकडे परतपाठवणी, प्रयोगशाळेचे नमुने, रक्त आणि आयत्या वेळची मागणी. सुरुवात पहिल्या दोन प्रकारांपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. ही कामे वेळापत्रकात बसतात, आणि रोबो दहा मिनिटे लिफ्टसाठी थांबला तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही. रोबो-उद्योगाचे प्रणेते जोसेफ एंगलबर्गर यांच्या कंपनीने बनवलेला ‘हेल्पमेट’ हा रोबो १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॅनबरी रुग्णालयात आला, तोही अशाच साध्या पोहोचवण्याच्या कामासाठी.

पुढचे काम म्हणजे वाटेची पाहणी. ती दोनदा करावी, एकदा रात्री मोजपट्टी घेऊन आणि एकदा सकाळच्या गर्दीत. बहुतेक रोबो लेसर किरणांनी अंतर मोजून नकाशा बनवतात आणि अनेकदा हे किरण जमिनीपासून थोड्या उंचीवर एकाच आडव्या पातळीत फिरतात. त्यामुळे ट्रॉलीची चाके रोबोला दिसतात, पण चाकांच्या बाहेर आलेला तिचा वरचा पत्रा दिसेलच असे नाही. काचेच्या दारातून किरण आरपार जातात. सलाइनच्या स्टँडचे जमिनीलगतचे पाय तर या पातळीच्या खालीच राहतात. समोरच्या वस्तूंचे अंतर टिपणारे कॅमेरे आणि धडक बसताच रोबोला थांबवणारी पट्टी आहे का, हे कागदावर वाचून समाधान मानू नये. आपल्याच मार्गिकेत आपलीच ट्रॉली आडवी लावून रोबो तिच्यापुढे थांबतो का, ते डोळ्यांनी पाहावे. उतार, फरशीतील सांधे, ओली जमीन आणि लिफ्टच्या उंबऱ्यावरची फट हेही तपासावे. एमआरआय कक्षाचा परिसर नकाशावरच निषिद्ध करून टाकावा.

सामान कुठे आणि कोणाच्या हाती द्यायचे, हा या साऱ्या योजनेचा गाभा आहे. रोबोची चाके साऱ्या इमारतीतून फिरून आलेली असतात, म्हणून त्याने थिएटरच्या निर्जंतुक भागात शिरू नये; त्या सीमेच्या बाहेर जमिनीवर रंगाने आखलेली एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी. तेथे कोणत्या पाळीत कोण सामान उतरवून घेईल, हे नावानिशी ठरलेले असावे. कप्पा ओळखपत्रानेच उघडावा आणि ठरावीक वेळेत कोणी आले नाही तर सूचना दुसऱ्या व्यक्तीकडे जावी. एवढे ठरले नाही, तर रोबो वेळेवर येऊन उभा राहतो आणि परिचारिकेची धाव मात्र जशीच्या तशी राहते.

निर्जंतुक आणि वापरलेले सामान एकाच रोबोच्या एकाच कपाटातून कधीही नेऊ नये. शक्य असल्यास दोन रोबो ठेवावेत. ते जमत नसेल तर कपाटे वेगळी, बंद आणि दुरूनही ओळखता येतील अशा रंगांची असावीत. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेतून निघालेला संच गरम असतानाच बंद कपाटात ठेवला, तर आत पाणी धरते, आणि ओला निघालेला संच निर्जंतुक मानता येत नाही. रोबो रिकामा उभा आहे म्हणून संच घाईने भरू नयेत. ते पूर्ण निवल्यावरच त्याला बोलवावे.

रक्त आणि नमुने यांचा विचार व्यवस्था रुळल्यावर करावा. लाल पेशींच्या पिशव्या २ ते ६ अंशांत साठवलेल्या असतात, त्यामुळे प्रमाणित पेटी आणि नोंदवलेली वेळ यांखेरीज त्या रोबोवर ठेवू नयेत. शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासायचा ताजा ऊतीचा तुकडा तर माणसानेच न्यावा. त्या अहवालासाठी शल्यविशारद खोळंबलेले असतात.

लिफ्ट, स्वयंचलित दारे आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा यांच्याशी रोबोची जोडणी करताना दोन नियम पाळावेत. रुग्णाची ट्रॉली असलेल्या लिफ्टमध्ये त्याने शिरू नये, आणि आगीची घंटा वाजताच त्याने वाट सोडून भिंतीकडेला थांबावे. लिफ्टमध्ये आणि शिशाने मढवलेल्या भिंतींजवळ वायफाय तुटते, तेव्हा तो काय करतो तेही तपासावे. संगणक-सुरक्षेचा प्रश्न काल्पनिक नाही: २०२२ मध्ये रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका रोबोच्या नियंत्रण-सर्व्हरमध्ये पाच गंभीर त्रुटी उघड झाल्या होत्या आणि पुढे त्या दुरुस्त करण्यात आल्या. त्यामुळे रोबोंचे नेटवर्क वेगळे ठेवावे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी करारातच लिहून घ्यावी.

चाचणी एकाच वाटेवर काही आठवडे चालवावी आणि तीच वही पुन्हा उघडावी. रोबोने किती फेऱ्या केल्या हा आकडा आकर्षक दिसतो, पण पाहायचे ते परिचारिका किती वेळा बाहेर गेली हे. ती संख्या घटली नसेल, तर दुसरा रोबो घेण्याआधी सामान उतरवून घेण्याची जागा आणि वेळ बदलून पाहावी. रोबो मार्गिकेतच बंद पडला तर ब्रेक सोडून त्याला हाताने बाजूला कसे ढकलायचे, हे रात्रपाळीच्या सफाई कर्मचाऱ्यांसह प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करून घ्यावे, कारण त्याच क्षणी मागून अत्यवस्थ रुग्णाची ट्रॉली येत असू शकते.