प्लंबिंग परमिट रद्द करताय? भरलेल्या फीचं काय होतं ते आधी बघा

अमेरिकेतल्या शहरांत प्लंबिंग परमिटची (म्हणजे नळ-ड्रेनेजचं काम करायला लागणाऱ्या सरकारी परवानगीची) फी पावतीवर एकच बेरीज म्हणून दिसते, पण तिच्यात वेगवेगळ्या रकमा असतात आणि परताव्याचा नियम प्रत्येकीला वेगळा लागतो. मूळ परमिट फी, नकाशे तपासण्याची फी, राज्याचा अधिभार (ओरेगॉनमध्ये तो 12 टक्के आहे) आणि कार्डाने पैसे भरले असतील तर त्याचं शुल्क. हे कार्डाचं शुल्क सहसा परत येत नाही, त्यामुळे ते हिशोबात धरूच नका.

मूळ फी बऱ्याच ठिकाणी फिक्स्चर, म्हणजे पाण्याला आणि ड्रेनेजला जोडलेल्या वस्तू, मोजून लावतात. एका बाथरूममध्ये कमोड, बेसिन आणि शॉवर म्हणजे तीन. वॉटर हीटर आणि बॅकफ्लो प्रिव्हेंटर (घाण पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये येऊ न देणारं साधन) अनेकदा वेगळे धरतात. मोजणी चुकली असेल तर परमिट हातात पडण्याआधीच दुरुस्त करून घ्या, नंतर कागद वाढतात. तुंबलेली लाइन मोकळी करायला किंवा कमोड काढून तोच परत बसवायला इंटरनॅशनल प्लंबिंग कोडप्रमाणे (अमेरिकेत अनेक ठिकाणी वापरली जाणारी नमुना नियमावली) परमिट लागत नाही. मात्र भिंतीतला खराब पाइप काढून नवा टाकला की ते नवं काम ठरतं.

परताव्याचा ढोबळ नियम असा: फी चुकीने आकारली गेली असेल, दोनदा कापली गेली असेल, तर पूर्ण रक्कम. परमिट मिळालं पण काम सुरूच केलं नाही, तर ठरावीक टक्के. अनेक शहरांच्या नियमांत कमाल 80 टक्के असं लिहिलेलं असतं. नकाशे तपासायला घेतले गेले की त्या फीवर पाणी सोडा. अर्ज मागे घ्यायचाच असेल तर त्याआधी घ्या.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते मुदतीच्या घोळात. याच कोडच्या जुन्या आवृत्त्यांत आणि त्यांवर बेतलेल्या अनेक शहरांच्या नियमांत 180 दिवसांच्या दोन मुदती आहेत. परमिट मिळाल्यापासून 180 दिवसांत काम सुरू झालं नाही तर परमिट बाद होतं. परताव्याचा अर्ज मात्र फी भरल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावा लागतो. फी आधी भरलेली असते आणि परमिट कधी कधी बऱ्याच आठवड्यांनी मिळतं, म्हणून परताव्याची मुदत आधी संपते. परमिटला मुदतवाढ मिळाली तरी ही मुदत वाढली असं समजू नका. परमिट आपोआप बाद झालं तर पैसेही आपोआप येतील, ही समजूतही सोडा. शहराने मुदत बदललेली असू शकते, तेव्हा स्थानिक अध्यादेश एकदा वाचाच.

अर्ज लेखी हवा. फोनवर ‘रद्द करा’ म्हटल्याने भागत नाही. परमिट क्रमांक, जागेचा पत्ता, पावती, रद्द करण्याचं कारण आणि काम सुरू झालेलं नाही असं स्पष्ट विधान द्या. एखादं इन्स्पेक्शन झालं असेल तर हे विधान टिकत नाही. अर्ज मूळ परमिटधारकाच्या नावाने जातो. परमिट काँट्रॅक्टरने काढलं असेल तर तुमचा अर्ज परत येईल, किंवा चेक त्याच्या नावाने निघेल. पैसे तुमचे असतील तर हे करारातच लिहून घ्या.

काम तपासणीत नापास झालं की लागणारी फेरतपासणीची फी परत मिळेल अशी आशा धरू नका, ती टाळा. इन्स्पेक्टर येण्याआधी पाइप झाकू नका. ड्रेनेजच्या चाचणीला बऱ्याच ठिकाणी 10 फूट उंचीपर्यंत पाणी भरून ते 15 मिनिटं टिकायला हवं. आदल्या दिवशी स्वतः भरून बघा, सांधा गळत असेल तर तेव्हाच कळेल.

फक्त काँट्रॅक्टर बदलायचा असेल तर परमिट रद्दच करू नका. काँट्रॅक्टर बदलण्याचा वेगळा फॉर्म आहे का, हे आधी विचारा. रद्द करून नवं काढलं तर नवी फी पूर्ण भरावी लागते आणि जुनीतली थोडीच हाती येते.