बोरलोटी वाळत घातलीय? दिवेलागणीच्या आधी आत घ्या

नोव्हेंबरात लावलेल्या बोरलोटीच्या, म्हणजे इटलीतल्या राजम्याच्या, शेंगा आता कागदासारख्या फिकट झाल्या असतील. त्या आजच काढा, रविवारची वाट बघू नका. ठाणे-नवी मुंबईत या दिवसांत दुपारी ऊन कडक असतं, पण रात्री खाडीवरून दमट हवा येते. पहाटे गच्चीच्या कठड्यावरून हात फिरवा, ओला होईल. तीच ओल वेलावरच्या वाळक्या शेंगेत शिरते. आठवडाभर असं चाललं की दाण्याची साल सुरकुतते आणि शेंगेच्या आत काळे डाग धरतात.

साताऱ्यातल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा ज्यांनी हाताळलाय त्यांना बोरलोटीच्या अंगावरचे लाल फराटे ओळखीचे वाटतील. ताजे दाणे हवे असतील तर फराटे गडद आणि शेंग जरा मऊ पडलेली असतानाच तोडा, म्हणजे वाळवणाचा प्रश्नच येत नाही.

साठवणीच्या दाण्यांचं मात्र दरवर्षी तेच होतं. गेल्या जूनमध्ये कोपरखैरण्याच्या एका ताईंनी बरणी आणून दाखवली. वरचे दाणे सुरेख होते. तळाशी हात घातला तर राखाडी जाळ्यात चिकटलेले गोळे आणि कुबट वास. ऊन चार दिवस दिलं होतं, पण ताट रात्री ग्रिलमध्येच राहायचं. दिवसभर वाळलेला दाणा रात्री पुन्हा ओल ओढून घेतो. सगळी बरणी टाकावी लागली. बुरशीचे दाणे धुऊन, निवडून खाऊ नका.

म्हणून शेंगा सुती कापडावर पसरा, १० ते ४ ऊन द्या आणि पाचच्या आत घरात घेऊन पंख्याखाली ठेवा. बियाण्याचे दाणे सावलीत वाळवा, तापलेल्या पत्र्यावर नकोत. शेंग खुळखुळली म्हणजे दाणा वाळला असं समजू नका. दाताखाली धरा: खूण उमटली तर ओला, कट्कन फुटला तर वाळला. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर आणखी दोन दिवस वाळवा. साठवणीला ओल १० ते १२ टक्क्यांवर नको असं शिफारस सांगते. घरी मोजायला यंत्र नसतं, हे दोन उपाय मला पुरले आहेत.

पुढच्या हंगामासाठी:
- पेरणी: नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, ३–४ सेंमी खोल
- १२ इंची कुंडीत २ रोपं, आधाराला काठी
- बीजप्रक्रिया (पेरण्याआधी बियाण्याला चोळणं): ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, किलोला ४–५ ग्रॅम
- पाणी: बोटभर माती सुकल्यावर, सकाळी, मुळाशी
- मावा: निंबोळी तेल ५ मिली + साबणाचे थेंब, लिटरभर पाण्यात

फुलगळ थांबवायचं म्हणून दुकानदार टॉनिकची बाटली गळ्यात मारतात. फुलं गळतात ती उकाड्याने, पारा तिशीच्या वर गेला की. उशिरा पेरलेल्याला कुठलंही टॉनिक वाचवत नाही. राजम्याच्या मुळांवर आपल्याकडे नत्र पुरवणाऱ्या गाठी नीट धरत नाहीत, तेव्हा चार मुठी चांगलं कंपोस्ट जास्त कामाचं.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कुणी दिल्या तरी घरात आणूच नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडमधून सुटणारा वायू बंद फ्लॅटमध्ये माणसाचा जीव घेतो. मूग-चवळीइतका भुंगाही राजम्याला लागत नाही. मी किलोला चमचाभर एरंडेल चोळते.

शिजवताना दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळा, मग मऊ होईतो शिजवा. अर्धकच्चा राजमा उलट्या-जुलाब करवतो. ताज्या दाण्यांनाही उकळण्याचा हाच नियम.

बरणी भरल्यावर आठवड्याने झाकण उघडून वास घ्या, आणि मृगाचा पाऊस यायच्या आधी पुन्हा एकदा. जराशी जरी कुबट झाक आली तर तळापर्यंत ओतून बघा. आणि आज दाणे बाहेर असतील तर हे वाचून झाल्यावर आधी ते आत घ्या.