स्पोर्ट्स कारचे झिजलेले एम्ब्लेम घरच्या घरी कसे बदलावेत

नवा एम्ब्लेम, म्हणजे गाडीवरचा लोगो किंवा मॉडेलची अक्षरं, चिकटवायला दोन मिनिटं लागतात. बाकीचे दीड-दोन तास खुणा करणं, जुना काढणं आणि जागा साफ करणं यात जातात. महिन्याभराने एम्ब्लेम गळून पडला किंवा तिरका दिसायला लागला, तर चूक बहुतेक वेळा या दीड-दोन तासांतली असते, गोंदाची नसते.

मुहूर्त

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हे काम उघड्यावर करू नका. हवेतला दमट थर पत्र्यावर बसतो, डोळ्यांना दिसत नाही, पण टेप त्याच्यावर धरत नाही. पत्र्याचं तापमान २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान असताना फोम टेप सगळ्यात चांगली बसते. म्हणजे थंडीत सकाळी अकराच्या सुमारास सावलीत, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत. भर दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नसेल, तर एम्ब्लेमही टेकवू नका.

आधी बघा, एम्ब्लेम कशावर बसलाय

तीन प्रकार असतात. पहिला, नुसत्या डबल टेपवर. डिकीवरची मॉडेलची अक्षरं बहुधा अशीच असतात. दुसरा, मागे दोन खुंट्या, आणि त्या पत्र्याच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या किंवा रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या कड्यात) दाबून बसवलेल्या. बीएमडब्ल्यूचा गोल आणि पोर्शेची बॉनेटवरची ढाल याच जातीतली. तिसरा, मागून नट किंवा स्प्रिंगच्या चकतीने आवळलेला. बॉनेट उघडून आतून बॅटरी मारली की भोकं दिसतात. दिसली नाहीत तर एम्ब्लेममागून तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) सरकवा. तो दोन जागी अडला तर खुंट्या आहेत असं समजा.

नव्या गाड्यांत एक धोका आहे. पुढच्या लोगोमागे रडार असू शकतं, मागच्या लोगोत कॅमेरा किंवा डिकीचं बटण असू शकतं. रडारवर दुसऱ्याच मटेरियलचा लोगो लावला तर क्रूझ कंट्रोल आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा एरर देते. अशा गाडीचं काम शोरूमलाच द्या.

नवा एम्ब्लेम घेताना

शोरूमला चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या, मग माल कुठूनही मागवा. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. बीएमडब्ल्यूचेच ८२ मिमी आणि ७४ मिमी असे दोन आकार सर्रास विकले जातात, त्यामुळे आपल्या गाडीवरचा मोजून बघा. खुंट्यांचं अंतर व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा. डुप्लिकेट मालाची पुढची बाजू चकचकीत असते, पण खुंट्या पातळ आणि एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असतात. असा माल माणूस जोर लावून बसवतो, खुंटी मोडते, आणि एम्ब्लेम एका पायावर उभा राहतो. ग्रोमेट मात्र दर वेळी नवेच घ्या. उन्हाने कडक झालेलं जुनं ग्रोमेट परत वापरण्यात काही राम नाही.

जुन्या गाडीचा एम्ब्लेम मिळतच नसेल तर तो उद्यमनगरातल्या कारखान्यात बफिंगला (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणायला) द्यायचा मोह होतो. पितळ किंवा ॲल्युमिनियम असेल तर जरूर द्या. प्लास्टिकवरचं क्रोम असेल तर नको. तो थर इतका पातळ असतो की चाक लागताच पिवळट प्लास्टिक वर येतं.

सामान

मास्किंग टेप, केस वाळवायचा ड्रायर, साधारण अर्धा मिमी जाडीचा तंगूस (दीड-दोन हात लांब, मध्येच तुटतो म्हणून तीन-चार तुकडे), प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, आयसोप्रोपाइल अल्कोहोल १०० मिली, थोडं रॉकेल, चार मायक्रोफायबर फडकी आणि बारीक पॉलिश. नव्या एम्ब्लेममागची टेप हलकी वाटली तर ०.८ किंवा १.१ मिमी जाडीची ॲक्रिलिक फोम टेपही आणा. स्क्रू ड्रायव्हर आणि ब्लेड मात्र घरातच ठेवा, गाडीजवळ आणू नका.

१. खुणा

गाडी धुऊन कोरडी करा. खाचांतला गुलाल मऊ ब्रशने काढा. ज्योतिबाला जाऊन आलेल्या पांढऱ्या गाडीत अक्षरांच्या कडेला गुलाबी रेघ राहतेच, आणि ती ओल्या फडक्याने पुसली तर पसरते, म्हणून आधी कोरडा ब्रश. मग समोरून सरळ फोटो काढा. एम्ब्लेमच्या वर आणि दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून कडा पेनने आखा. अक्षरं असतील तर त्यांच्या तळाशी एक लांब सरळ टेप लावा आणि प्रत्येक अक्षराची सुरुवात नि शेवट तिच्यावर खुणवा. बटर पेपर ठेवून आराखडा काढून घेतलात तर आणखी चांगलं. खूण न करता काढलेला एम्ब्लेम पुन्हा नेमका जागेवर बसत नाही, डोळ्यांचा अंदाज पाच मिमीने सहज चुकतो.

२. टेपवरचा एम्ब्लेम काढणं

ड्रायर वीतभर अंतरावरून एक-दीड मिनिट फिरवत ठेवा. पत्रा हाताला चांगला गरम लागावा, चटका बसू नये. हीट गन वापरणार असाल तर एका जागी थांबू नका, ७० अंशांच्या वर रंगाला धोका आहे. फायबर आणि कार्बनच्या पॅनेलवर फक्त ड्रायर. तंगूसचे दोन्ही टोकांचे फेरे बोटांना गुंडाळा आणि करवतीसारखा पत्र्याला चिकटून ओढत न्या. फोम मधून कापला जातो. अडलं तर पुन्हा गरम करा, एम्ब्लेम ओढू नका. ओढल्यावर ॲल्युमिनियमची अक्षरं वाकतात. शिवाय गाडी कधी ठोकून पुन्हा रंगवलेली असेल, तर रंगाचा पापुद्राही एम्ब्लेमबरोबर येतो. सेकंडहँड स्पोर्ट्स कारमध्ये ही शंका आधीच धरून चला. पीपीएफ (रंग जपायला लावायची पारदर्शक फिल्म) लावलेला असेल तर फिल्मची कापलेली कड एम्ब्लेमच्या भोवती असते. तंगूस तिच्याखाली शिरला तर फिल्म उचलते, म्हणून त्या बाजूने सुरुवातच करू नका.

३. खुंट्यांचा एम्ब्लेम काढणं

भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर द्या. प्लास्टिकच्या पट्टीला फडकं गुंडाळून खुंटीच्या शेजारी घाला. थोडं एका बाजूने, थोडं दुसऱ्या बाजूने असं उचलत जा. एकाच टोकाला जोर दिला की खुंटी आतच मोडते. मागून नट असतील तर आधी आतलं अस्तर उघडून ते काढा. भोकाच्या कडेला गंज दिसला तर खरडून रस्ट प्रायमर आणि टच-अपचा हात द्या, वाळू द्या, मगच नवं ग्रोमेट. पावसाळ्यात डिकीत ओल येते तिचं एक कारण हेच सैल ग्रोमेट असतं.

४. उरलेला गोंद

आधी अंगठ्याने घासून लाटून काढा, निम्मा तसाच निघतो. उरलेल्यावर रॉकेलने भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा आणि कार्डाने खरवडा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर रंग खातात. ड्रिलला लावायचं रबरी चाक झटपट काम करतं, पण एका जागी दोन सेकंद थांबलं तरी रंग जळतो, म्हणून नवख्याने हातानेच करावं.

गोंद गेल्यावर खाली एम्ब्लेमची सावली दिसते. तिथला रंग उन्हापासून वाचलेला असतो, भोवतालचा फिका पडलेला असतो. लाल आणि पिवळ्या गाड्यांवर ती सर्वांत ठळक दिसते. बारीक पॉलिशने थोडी कमी होईल, पूर्ण जाणार नाही. वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. त्यात खोल जाण्यापेक्षा त्याच आकाराचा नवा एम्ब्लेम लावून सावली झाकणं शहाणपणाचं.

५. बसवणं

पॉलिश, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगवर टेप धरत नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन जागा दोनदा पुसा, दर वेळी फडकं नवं. कोटिंग असेल तर एम्ब्लेमखालच्या जागेवर आधी हलकं पॉलिश मारून ते उतरवा, मग हेच. पुसल्यावर बोट लावू नका.

स्वतः टेप लावत असाल तर कडेपासून एक-दीड मिमी आत ठेवा, म्हणजे बाहेरून दिसत नाही. मोठ्या एम्ब्लेमला तळाशी लहानशी फट सोडावी, आत शिरलेल्या पाण्याला वाट राहते. आधी कागद न काढता कोरडं लावून बघा, दहा पावलं मागे जाऊन बघा. मग कागदाचं एक टोक दुमडून बाहेर ठेवा, खुणेवर एम्ब्लेम टेकवा, जुळलं की कागद ओढा. चुकून तिरका लागला तर सरकवायला जाऊ नका. तंगूसने काढा, टेप बदला.

आता तळहाताने दाबा, प्रत्येक भागावर दहा-पंधरा सेकंद. फोम टेपचा गोंद दाबानेच पसरतो. इन्स्टंट ग्लू आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वर्ज्य. ग्लू ठिसूळ होऊन भोवती पांढरा डाग सोडतो, आणि त्या सिलिकॉनमधून निघणारं ॲसिटिक ॲसिड धातू खातं.

६. पुढचे तीन दिवस

वीस मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात सुमारे नव्वद टक्के, पूर्ण यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुऊ नका, गगनबावड्याच्या पावसात नेऊ नका. त्यानंतरही प्रेशरचा पाइप एम्ब्लेमच्या कडेवर रोखून धरू नये. खंडेनवमीला झेंडूचा हार ग्रिलला बांधताना त्याची तार एम्ब्लेमला अडकवू नका. वाऱ्याने ती क्रोमवर घासत राहते आणि पहिले ओरखडे तिथूनच सुरू होतात. हाराला सुती दोरा घ्या, आणि ओलं कुंकू त्याच दिवशी पुसून टाका.