पुण्याच्या हवेत कोंबुचा: एका वेळी एकच बदल

कोंबुचावर, म्हणजे गोड चहा आंबवून केलेल्या पेयावर, प्रयोग करण्याआधी साधा कोंबुचा तीन-चार वेळा सारख्या चवीचा जमला पाहिजे. एक लिटर उकळत्या पाण्यात 7 ग्रॅम काळा चहा दहा मिनिटे ठेवून गाळावा, त्यात 70 ग्रॅम साखर विरघळवावी आणि चहा पूर्ण गार झाल्यावरच त्यात स्कोबी (जिवाणू आणि यीस्टचा जेलीसारखा थर) आणि मागच्या खेपेचा 100 मिली आंबट कोंबुचा घालावा. या विरजणात हात आखडता घेऊ नये, कारण सुरुवातीचा आंबटपणाच बुरशीला दूर ठेवतो. बरणी काचेचीच हवी. तांब्या-पितळेच्या भांड्यात हे पेय कळकते. विरळ मलमलीतून चिलटे आत शिरतात, म्हणून घट्ट विणीचे सुती कापड तोंडाला बांधावे.

स्कोबीला साधारण 24 ते 29 अंश तापमान मानवते, आणि पुण्यात ते बारा महिने सारखे मिळत नाही. माझ्या ओट्यावरची बरणी एप्रिलमध्ये सहाव्या दिवशीच तयार होते, तर डिसेंबरमध्ये तिला दोन आठवडे लागतात. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा उन्हाळ्यात चौथ्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने रोज चव घ्यावी.

प्रयोगासाठी एकाच विरजणाच्या दोन बरण्या शेजारी लावाव्यात आणि दुसरीत एकच गोष्ट बदलावी: काळ्याऐवजी हिरवा चहा, किंवा साखरेऐवजी गूळ. दोन्ही एकदम बदलले, तर चव कशामुळे पालटली हे कळत नाही. मूळ स्कोबीचा एक थर मात्र काळ्या चहात वेगळा राखून ठेवावा. आले, वेलची, फळे स्कोबी काढल्यानंतर, बाटलीत भरतानाच घालावीत.

बाटलीबंद कोंबुचात फळाच्या साखरेने वायू झपाट्याने साठतो. मे महिन्यात आंब्याचा रस घातलेली एक बाटली मी दोन दिवस ओट्यावरच ठेवली आणि ती फुटून काचा थेट खिडकीपर्यंत उडाल्या. तेव्हापासून दाब सोसणाऱ्या जाड काचेच्या बाटल्याच वापरते, त्या खोक्यात ठेवते आणि उन्हाळ्यात एका दिवसातच फ्रिजमध्ये हलवते. पुरंदरच्या अंजिरांना हिवाळ्यात तीन दिवस देता येतात. त्यांची चव मला सर्वांत आवडते.

स्कोबीखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात, त्यांना घाबरू नये. वर कोरडी, लोकरीसारखी बुरशी दिसली, तर मात्र स्कोबीसकट सगळे टाकून द्यावे, बरणी उकळत्या पाण्याने धुवावी आणि राखून ठेवलेल्या थरापासून पुन्हा सुरुवात करावी.