सोलून निघणारा चेहरा: लघुपटासाठी मेकअप कसा करावा

भयपटातली नायिका पील-ऑफ मास्क, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचा लेप, ओढते तेव्हा त्याच्यासोबत तिचा चेहराच निघून येतो आणि खालून तिच्या मैत्रिणींसारखाच नितळ, खूण नसलेला चेहरा दिसतो. असा प्रसंग उभा करायचा असेल तर सर्वांत आधी खाली काय दिसणार ते ठरवा. बहुतेक जण तिथे रक्तमांस दाखवतात. ते टाळा. जखम दिसली की काहीतरी बिघडलंय हे प्रेक्षकाला कळतं आणि तो सावरतो. पण खालून आधीपेक्षा गुळगुळीत कातडी निघाली आणि पात्र आरशात पाहून खूश झालं, तर सावरायला जागाच उरत नाही. पुढची सगळी कृती याच हिशेबाने दिली आहे.

कातडीसाठी लिक्विड लेटेक्स वापरायचं. हा नैसर्गिक रबराचा चीक असतो आणि काहींना त्याची ॲलर्जी जीवावर बेतण्याइतकी तीव्र असते. फुग्यांमुळे किंवा रबरी हातमोज्यांमुळे ज्यांना कधी खाज, सूज किंवा धाप लागली आहे, त्यांच्यावर पॅच टेस्टसुद्धा करू नका. इतरांच्या कोपराच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावून 24 तास थांबा. चिकात अमोनिया असतो, म्हणून खोलीत वारा खेळता ठेवा आणि डोळ्यांजवळ ओलं लेटेक्स नेऊ नका. भुवया, पापण्या किंवा केसांच्या कडेला लागलं तर काढताना केस उपटून येतात.

लेटेक्स थेट मेकअपवर फासलं तर सोलताना खालचं फाउंडेशनही सोबत निघतं आणि नितळ चेहऱ्यावर चट्टे पडतात. म्हणून पापुद्रा चेहऱ्यावर न करता काचेवर करा. स्वच्छ काचेवर गालाच्या आकाराचा, म्हणजे डोळ्याखालच्या हाडापासून जबड्यापर्यंतचा, लेटेक्सचा पातळ थर स्पंजने थोपटत लावा. थोपटल्याने जी बारीक खरबड येते, तीच कॅमेऱ्यात त्वचेच्या रंध्रांसारखी दिसते. ब्रश वापरत असाल तर तो आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर एकाच वापरात चिकटून वाया जातो. थराचा पांढरेपणा जाऊन तो पारदर्शक झाला की पुढचा लावा. मधल्या भागाला चार-पाच थर पुरतात, कडांना एक किंवा दोनच. कडा जाड राहिली तर चेहऱ्यावर रेघ उठते आणि कितीही रंग लावला तरी ती लपत नाही.

रंग हवा असेल तर पाण्यात मिसळणारा मेकअपचा रंग थेंबाथेंबाने घाला आणि हव्या त्या छटेपेक्षा फिका ठेवा, कारण लेटेक्स वाळल्यावर गडद होतं. तेलकट फाउंडेशन घालू नका. तेलाने रबर मऊ पडून फाटतं. वाळलेल्या पापुद्र्यावर पावडर फिरवा, मगच तो उचला आणि उचलता उचलता मागच्या बाजूलाही पावडर लावत जा. नाहीतर तो स्वतःलाच चिकटतो आणि मग सुटत नाही.

आता पापुद्र्यावर एक तीळ काढा. हे चुकवू नका. आधीच्या दोन-तीन दृश्यांत अभिनेत्रीच्या गालावर त्याच जागी तीळ दिसू द्या. सोलल्यावर तो पापुद्र्यासोबत निघून जातो आणि कोणीच त्याचा उल्लेख करत नाही. या तिळाने जे साधतं ते वाटीभर नकली रक्ताने साधत नाही.

चिकटवताना फक्त कडेला, बोटाच्या पेरापेक्षा कमी रुंदीत, त्वचेसाठीचा गोंद लावा. मधला भाग पावडर लावलेल्या फाउंडेशनवर नुसता टेकलेला राहू द्या. हनुवटीकडचा कोपरा मोकळा ठेवा, तिथूनच ओढायला सुरुवात होईल. या शॉटची चौकट डोळ्यांखालून हनुवटीपर्यंतच ठेवा, म्हणजे भुवयांची चिंता मिटते. घामाने कडा सुटतात, तेव्हा दिवे शेवटी लावा. प्रत्येक टेकला, म्हणजे दर वेळी प्रसंग चित्रित करताना, नवा पापुद्रा लागतो, म्हणून किमान चार करून ठेवा.

ॲलर्जी असेल तर जिलेटिन. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी प्रत्येकी दोन मोठे चमचे एकत्र करून दहा मिनिटं भिजू द्या. मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंद तापवून वितळवा. उकळी आली तर बुडबुडे धरतात आणि पकड कमी होते. तेलाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ पसरा. हा पापुद्रा जास्त मांसल दिसतो, पण प्रखर दिव्याखाली पाघळतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, हे अभिनेत्रीला आधी सांगा.

सोलल्यानंतरच्या चेहऱ्यासाठी भुवया झाका. धुऊन निघणारी ग्लू स्टिक केसांच्या दिशेने दाबून लावा, केस सपाट विंचरा आणि वाळू द्या. असे तीन थर द्या. वर पावडर, काळपटपणा मारायला नारिंगी करेक्टर आणि शेवटी फाउंडेशन. केस तेलकट असतील तर ग्लू धरत नाही. मैत्रिणींच्या भुवयाही अशाच झाका आणि सगळ्यांना एकाच छटेचं फाउंडेशन लावा. कोणाच्याही मानेशी रंग जुळवू नका, जबड्याखालची सीमा दिसू द्या. समोरून रिंग लाइट द्या. सावल्या पुसल्या जातात आणि प्रत्येकीच्या बुबुळात तेच गोल वलय दिसतं.

प्रसंगातल्या मास्कच्या डबीवरचा मजकूर अघोरी करू नका, गोड आणि वैज्ञानिक ठेवा. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये 'थो-रादिया' नावाचं क्रीम थोरियम आणि रेडियम ही किरणोत्सर्गी द्रव्यं घालून, उघड जाहिरात करून विकलं जात होतं. तोच आश्वासक सूर डबीवर हवा.

सोलण्याचा एक टेक उलटा चालवण्यासाठीही घ्या. कातडी हातातून चेहऱ्यावर चढताना दिसते. त्या टेकमध्ये अभिनेत्रीने बोलू नये, हालचालही संथ ठेवावी. आवाजासाठी चिकटपट्टी हळू ओढून माइकच्या अगदी जवळ रेकॉर्ड करा आणि मागचं संगीत पूर्ण बंद ठेवा.

काढताना कोरडं ओढायचं नाही. कडेखाली गोंदाचं रिमूव्हर किंवा तेल मुरवा, मिनिटभर थांबा आणि त्वचा एका हाताने दाबून धरत पापुद्रा उचला. जिलेटिन आणि भुवयांवरची ग्लू कोमट पाण्याने सुटतात. चित्रीकरणात कुठेही आग व्हायला लागली तर टेक अर्धवट सोडून तिथल्या तिथे धुवा.